बोटांपासून कोपरापर्यंत

बोटं

पाणी वरून खाली येतं. काय मोठा शोध लावला, म्हणाल. पण लांब पोलाने खिडक्या धुणाऱ्या बाईला विचारा. पाणी गाडीतल्या टाकीतून नळीत, नळीतून पोलात, आणि पार वर ब्रशातून काचेवर सुटतं. तिथून ते सगळं मुकाट्याने भिंतीवरून उतरेल, तर ते पाणी कसलं! थोडं पोलाच्या अंगाने तुमच्याकडे यायला निघतं. आधी बोटांना भेटतं.

माझी डावी बोटं प्लास्टरच्या बाहेर होती. तिथून कोपराच्या खालपर्यंतचा हात आत.

"भिजलं तर मऊ पडेल," प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले होते. "मऊ पडलं तर हाड सरकेल. सरकलं तर ऑपरेशन, प्लेट, स्क्रू. कळलं?"

कळलं होतं. पण ते प्लेट-स्क्रू म्हणत होते आणि मी त्यांच्या मागची काच बघत होते. हाडांचा चार मजली दवाखाना, आणि काचा या अशा! तोंडाला कुलूप नाही माझ्या. बोलून गेले. त्यांनी लगेच व्यवस्थापक बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, सोमवारी एक बाजू धुवून दाखवा, पसंत पडली तर वर्षभराचं काम तुमचं.

"पोल तुम्ही नाही ना धरणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! नणंद आहे ना माझी."

घरी नवरा म्हणाला, "हात मोडलास तर एक बिल्डिंग मिळाली. पाय मोड, शेजारची पण मिळेल."

मनगट

नणंद आहे. नाही असं नाही. पण तिच्या हातात पोल दिला की ती आधी स्वतःला धुते. मग फुटपाथ. मग फुटपाथवरून जाणारा एखादा गृहस्थ. उरलं तर खिडकी.

"भिंतीपासून मागे सर. पोल तिरपा धर. ब्रशाच्या खाली उभी राहू नकोस." किती वेळा सांगायचं?

"मागे आले की काच नीट दिसत नाही, वहिनी."

"मग चष्मा लाव."

"चष्म्यावर पाणी उडतं."

बोला आता!

म्हणून पोल मीच धरला. प्लास्टरवर नणंदेने पिशवी बांधली. आंघोळीच्या वेळी बांधतात तशीच, कोपराशी घट्ट, चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे. पोल पकडायला बोटं मोकळी हवीत, म्हणून दुसऱ्या टोकाला भोक.

"टिपूस जाणार नाही आत," ती म्हणाली.

आंघोळीत हात खाली असतो. पोल धरला की तो वर जातो. दिवसभर पाण्याशी भांडणाऱ्या आम्ही दोघी, पण एकीच्याही डोक्यात हे येऊ नये! पाणी भोकातून शिरलं, मनगटावरून आत गेलं, आणि कोपराशी बंदोबस्त एवढा चोख की बाहेर पडायला वाट नाही.

तसं पोलाला माझ्या हाताच्या वर एक फडकं बांधलेलं असतं. उतरणारं पाणी तिथे अडतं आणि बाजूला ठिबकतं. कोरडं राहायचं सगळं गुपित ते एवढंच.

फडकं नणंदेच्या खिशात होतं. तिने त्याने चष्मा पुसला होता.

कोपर

पिशवी फुगली.

"वहिनी, लोंबतंय काहीतरी."

"दिसतंय मला."

"पोल दे इकडे."

"एवढा दुसरा मजला होऊ दे."

"अगं, हात कुणाचा आहे? तुझाच ना?"

"मग तू का ओरडतेस?"

दुसऱ्या मजल्यावरच्या एका काचेआड कुणीतरी येऊन उभं राहिलं. डॉक्टर. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. काचेवर टकटक केली. मी ऐकू न आल्यासारखं करून त्यांच्या चेहऱ्यावरून ब्रश फिरवला. त्यांनी दोन्ही हातांनी खुणा केल्या. मी आणखी जोरात घासलं. मग त्यांनी तावातावाने खिडकी सरकवली.

ब्रश आत गेला. पाण्यासकट.

"पाणी बंद कर!" मी किंचाळले. नणंद गाडीकडे धावली, नळीत पाय अडकून बसली, आणि बसल्या जागी हसत सुटली. वरून डॉक्टर काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिकलेला माणूस आहे.

हाड

ओल्या शर्टानिशी ते खाली आले. पिशवी फाडली. भळ्ळकन पाणी पडलं. त्यांनी अंगठ्याने प्लास्टर दाबलं, आणि कणकेत उमटावा तसा अंगठा त्यात उमटला.

नणंदेचं हसू थांबलं. माझं तोंडही, एकदाचं.

आत नेलं. प्लास्टर कापलं. हात पांढरा, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचातरी वाटत होता. एक्स-रे काढला. माझ्या डोळ्यांसमोर प्लेट, स्क्रू, मग कितीतरी महिने पोल नाही. वर्षभराचं काम कसलं, साधा कपसुद्धा धरता येणार नाही. डॉक्टर फिल्मकडे बघत राहिले. फार वेळ. मुद्दाम, असं माझं मत आहे.

"सरकलेलं नाही."

मला हसू फुटलं.

"हसू नका. आता दंडापर्यंत घालतोय. कोपर असा काटकोनात राहील. मग पोल उचलून दाखवा."

ओल्या पट्ट्या हातावर चढायला लागल्या. तेवढ्यात बाहेरून हाक.

"वहिनी! वरच्या मजल्यावर पोचत नाही गं हा!"

खिडकीखाली नणंद. केसांपासून बुटांपर्यंत निथळत. हातात पोल.

"पोलाच्या आत पोल आहेत ना, सगळ्यात आतला आधी ओढ!" मी ओरडले. "बारीक आहे तो!"

"ओढला! राहत नाही, परत आत जातो!"

"त्याची कळ दाब!"

"कुठली कळ?"

दाखवायला उठले. डॉक्टरांनी खांदा धरून खाली बसवलं. "हलायचं नाही."

"काळी कळ! अगं, ती नाही. वरची! आणि पाणी सोडू नकोस एवढ्यात. सोडू नको म्हणतेय ना, आधी कळ… अगं ए!"

बाहेर कुणीतरी गृहस्थ ओरडला.

मी डोळे मिटले.

"डॉक्टर," मी म्हणाले, "पार खांद्यापर्यंत घाला."