धुतल्याशिवाय टेबलावर नाही

"मर्नाताई, हे धुतलेलं नाहीये," लिगाया म्हणाली. लाल जॅकेट तिनं दोन बोटांनी उचलून टेबलाच्या कडेला सरकवलं. "भिंतीवर पाटी कोणी लावलीय? धुतल्याशिवाय टेबलावर नाही. अठरा वर्षं कान किटवलेत तुम्ही आमचे."

"माहितीय मला."

"मग कुणाचं आहे? द्या परत पाठवून त्याला."

"आयव्हरचं आहे."

लिगायानं जॅकेट पुन्हा टेबलाच्या मध्यावर आणून ठेवलं. या वेळी दोन्ही हातांनी.

व्हँकुव्हरच्या फोर्थ ॲव्हेन्यूवरच्या 'ड्रायलेज' या पावसाळी जॅकेटांच्या कंपनीच्या दुकानात मागच्या बाजूला दुरुस्तीची खोली होती. मर्ना सत्तरी ओलांडल्यावरही आठवड्यातून तीन दिवस तिथं लिगायासारख्या कारागिरांबरोबर येऊन बसायची. स्वतःची कंपनी विकली तेव्हा करारात तिनं एवढं एकच मागून घेतलं होतं. आता कंपनीला पन्नास वर्षं होत होती. ती विकत घेणाऱ्या टोरांटोच्या साहेबलोकांनी काचेचं कपाट पाठवलं होतं आणि त्यात सगळ्यात पहिलं जॅकेट हवं होतं. पहिलं जॅकेट म्हणजे मर्नाच्या नवऱ्याचं, आयव्हरचं. ते दोन वर्षं मर्नाच्या घरी, कपाटात, आयव्हर गेला त्या दिवशी होतं तसंच टांगलेलं होतं.

पहिलं जॅकेट तरी कुठे ठरवून शिवलं होतं? मर्ना तेव्हा बंदरावर होड्यांची शिडं शिवायची आणि आयव्हर दर रविवारी कड्यांवर चढायला जाऊन चिंब होऊन परत यायचा. सर्दीचं औषध आणून आणून ती कंटाळली. शेवटी एक दिवस तंबूचं कापड आणून तिनं जॅकेट शिवलं. तरी पाणी आत आलंच, कारण सुई जिथं जिथं टोचते तिथं तिथं भोक पडतं. मग प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी ठेवून तिनं ती इस्त्रीनं चिकटवली. इस्त्रीत दोन जॅकेटं जळाली, तिसरं टिकलं, तेच हे. मित्रांनी मागितलं, मित्रांच्या मित्रांनी मागितलं, तळघर पुरेना तेव्हा दुकान झालं. बोलायचं काम आयव्हरचं, शिवायचं मर्नाचं. आता गावोगावी दुकानं आहेत आणि ती जॅकेटं घालून निम्मे लोक कोपऱ्यावरून कॉफी आणण्यापलीकडे कुठं जात नाहीत. मर्नाला त्याचं हसू यायचं, पण राग नाही. कॉफी आणतानाही माणूस भिजतोच.

जॅकेटाच्या खांद्यावरची पट्टी पार सुटली होती. नवी लावायची तर आधी कापड धुवायला हवं, कारण अंगाच्या तेलावर पट्टी धरत नाही. जवळच्या स्क्वॉमिश गावची एक बाई एकदा नवऱ्याचं जॅकेट घेऊन आली होती. नवरा नुकताच गेलेला. "धुवू नका हो, त्याचा वास आहे त्याला," असं ती काउंटरला धरून म्हणत होती. मर्नानं तिला समजावलं होतं, "बाई गं, धुतल्यानं तेल जातं, आठवण जात नाही." बाई जॅकेट तसंच घेऊन निघून गेली. त्या वेळी मर्नाला आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं होतं. तो शहाणपणा आता तिच्याच गळ्यात आला होता. लाकडाचा धूर, पाइनचा डिंक आणि आयव्हरच्या मानेचा घाम. रोज संध्याकाळी ती कपाट उघडायची ते एवढ्यासाठीच. घरात त्याचं बाकी सगळं होतं, फोटो होते, चपला होत्या, पण तो स्वतः असा त्या कॉलरमध्येच उरला होता.

दुकानाची मॅनेजर टॅमझिन दारातून डोकावली. पोरगी मनानं चांगली. मर्नाचा चेहरा पाहून काय ते तिच्या लक्षात आलं.

"मर्ना, नसेल धुवायचं तर नका धुऊ. पट्टी आतून सुटलीय. काचेत कुणाला दिसणार आहे?"

मर्नानं जॅकेटावरून हात फिरवला. सुटका अगदी समोर आली होती. हो म्हटलं की झालं.

"दिसणार नाही," ती म्हणाली. "पण गळकं जॅकेट आपल्या दुकानात टांगायचं? आयव्हरनं मला घराबाहेर काढलं असतं."

"तो कुठला काढतोय," लिगाया पुटपुटली. "तुम्हीच त्याला काढलं असतं."

मर्ना हसली. मग तिनं कॉलर तोंडाशी धरली आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. लिगायानं टॅमझिनच्या कोपराला धरून तिला बाहेर नेलं. "चल, कॉफी आणू," म्हणाली. खरं तर दोघींच्या हातात आधीच कॉफीचे भरलेले कप होते.

त्या परतल्या तेव्हा मर्ना धुण्याच्या यंत्रासमोर स्टुलावर बसली होती. काचेआड लाल कापड फिरत होतं आणि पाणी गढूळ झालं होतं. ते निवळेपर्यंत ती उठली नाही.

दुपारी कापड वाळल्यावर तिनं पट्टी लावली. शिवणीवरून इस्त्री सरळ फिरवली. नंतरचा रिवाज पहिल्यापासूनचा होता. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं, थेंब झिरपला तर दिसावा म्हणून आत पांढरा सदरा घालून, वर जॅकेट चढवून मागच्या अंगणात पाण्याच्या नळीखाली उभं राहायचं. तळघराच्या दिवसांत नळी आयव्हर धरायचा आणि मुद्दाम तोंडावर मारायचा. आज लिगायानं धरली. जॅकेट मर्नाला ढगळ होत होतं. बाह्या तिनं दोनदा दुमडल्या.

"बंद करू, ताई?"

"खांद्यावर मार अजून. तिथंच गळायचं त्याचं."

पाणी खांद्यावर आपटून खाली ओघळत राहिलं. मर्नानं जॅकेट काढलं. पांढरा सदरा कोरडा होता. तिनं कॉलर एकदा नाकाशी नेली. साबणाचा वास आला. तिनं जॅकेट झटकलं आणि टॅमझिनच्या हाती दिलं.

काचेच्या कपाटातली पाटी टोरांटोहून तयारच आली होती. तिच्यावर आयव्हरचं नाव होतं आणि खाली 'संस्थापकांचं जॅकेट' एवढंच; मर्नाचं नाव कुठंच नव्हतं. टॅमझिननं जॅकेट टांगलं आणि दुमडलेल्या बाह्या सरळ करायला हात पुढे केला.

"राहू देत तशाच," लिगाया म्हणाली.

टॅमझिननं वळून मर्नाकडे पाहिलं. मर्ना आपल्या टेबलाशी जाऊन बसली होती आणि पुढचं जॅकेट धुतलेलं आहे का ते बघत होती. टॅमझिननं हात मागे घेतला आणि काच लावून टाकली.