नऊ सेकंदांची खिडकी

१९८७ च्या उन्हाळ्यात तांडापेठेतल्या विणकर सोसायटीच्या सूत भांडारात कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवता येणारा माणूस एकच होता. वसंत धकाते. बाप उमरेडला मागावर बसायचा, आणि पोरगा काचेच्या खोलीत, कूलरसमोर, चपला बाहेर काढून बसू लागला. खोलीला लागून एक खिडकी होती. विणकर तिथे येऊन विचारायचे, ऐंशी नंबरचं लाल सूत आहे का, किती लडी आहेत. वसंत बटणं दाबून सांगायचा.

प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. कोणीही काही विचारलं की आधी काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांनी हातमाग उमटायचा. एकेक धागा, मग धोटा, मग सोसायटीचं नाव, आणि सगळ्यात खाली वसंतचं. त्यानंतर सुताचा शोध सुरू व्हायचा. त्या हातमागावर त्याने तीन महिने घालवले होते. पहिले काही दिवस लोक खिडकीत डोकं घालून बघायचे. मग बघेनासे झाले. एकदा म्हाताऱ्या बायजाबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "मागाचं चित्र तं मी घरी रोज पाहतो गा. सूत केव्हा दाखवते हे?"

मागची माणसं हसली. वसंतही हसला, पण त्या दिवशी त्याने बायजाबाईंना मुद्दाम शेवटी उत्तर दिलं.

दुसऱ्या वर्षी मॅनेजर मारोतरावांनी गोपिकाला घेतलं. ती खापा गावची, चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. वसंतला वाटलं होतं की ती आकडे भरायला आली आहे. पण मारोतरावांनी तिला खिडकीशी स्टूल टाकून बसवलं. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी लिहू लागली.

"काय लिहून राहिल्या मॅडम?" वसंतने विचारलं.

"माणूस खिडकीशी आला, की उत्तर मिळेपर्यंत किती वेळ लागते ते. अन् उत्तर खरं निघते का तेही. साहेबांनी सांगितलं."

आठवड्याने तिने वही मारोतरावांसमोर ठेवली. एका माणसाला सरासरी बहात्तर सेकंद लागत होते. त्यातले अठ्ठावीस नुसत्या चित्राचे. बाकीचा वेळ प्रोग्राम पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं वाचत बसायचा, म्हणून जायचा. शिवाय दहात एक उत्तर चूक होतं, कारण दिलेलं सूत संध्याकाळी एकदम वजा व्हायचं. दुपारी पडद्यावर असलेलं सूत गोदामात नसायचं.

"वसंता, हे ठीक सांगून राहिली का ही?" मारोतरावांनी विचारलं.

"चित्रानं सोसायटीची शान राहते साहेब."

"शान राहू दे. लोकं उन्हात उभे राहतेत."

गोपिकाने महिनाभर काम केलं. चित्र तिने पुसलं नाही. सकाळी मशीन सुरू करताना एकदाच दिसेल असं ठेवलं. सुताच्या नंबरांची वेगळी यादी केली, म्हणजे मशीनला सगळं वाचावं लागू नये. सूत दिलं की त्याच क्षणी वजा. आणि शेवटी पडदाच खिडकीकडे वळवला. आकडे मोठे केले. आता विणकर स्वतःच वाचू लागले. नऊ सेकंद लागायचे.

मारोतराव पूर्वी खोलीत आले की "काय गा वसंता" म्हणत यायचे. आता "गोपिका, काय म्हणते वं मशीन?" म्हणत यायचे. चहाचा पहिला कप तिच्या टेबलावर जायचा. वसंतला हे सगळं मोजल्यासारखं दिसायचं. ती वाकून काही टिपू लागली की तिची मान, तिची वेणी, तिची ती निळी वही, सगळ्याचाच त्याला राग यायचा. चूक काढावी म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत तिचा प्रोग्राम वाचायचा. चूक सापडत नव्हती. उलट दोन ठिकाणी त्याच्या मनात आलं, हे आपल्याला काहून सुचलं नाही? त्या दुपारी त्याला डबा गेला नाही.

ऑगस्टमध्ये सोसायटीचे संचालक कॉम्प्युटर बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी गोपिका बँकेत गेली असताना वसंतने तिच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. मशीनने उत्तर देण्याआधी एकपासून तीस हजारांपर्यंत आकडे मोजायचे, आणि त्यांचं काहीच करायचं नाही. एवढंच.

संचालक आले. मारोतराव अभिमानाने म्हणाले, "नऊ सेकंद!" गोपिकाने नंबर दाबला. पडदा काळाच राहिला. दहा सेकंद, वीस, तीस. एका संचालकाने घड्याळाकडे पाहिलं आणि दुसऱ्याने रुमालाने मान पुसली. मारोतरावांचा चेहरा उतरला.

"माह्याच कामात काही चूक राहिली असंल साहेब," गोपिका हळूच म्हणाली. "मी शोधतो."

वसंत भिंतीशी उभा होता. आधी त्याला आनंद झाला, अगदी स्वच्छ आनंद. मग तिचं 'माह्याच कामात' त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं.

दोन दिवस ती शोधत होती. फ्लॉपी बदलून पाहिली, यादी पुन्हा केली. खिडकीसमोर परत रांग लागू लागली. तिसऱ्या दिवशी तिने सगळा प्रोग्राम कागदावर छापून काढला आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत बसली. दुपारी तिने वसंतसमोर कागद ठेवला. तिच्या ओळींचे नंबर दहादहाने जायचे. मधेच एक होती, चार हजार पंधरा.

"ही ओळ माही नाही, वसंतभाऊ."

वसंतने कागद उलटा करून ठेवला.

"मले सांगा, काहून?"

"तुम्ही आल्या, अन् मी या खोलीत राहूनही नसल्यासारखा झालो," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

गोपिकाने कागदाची घडी घातली. "मी साहेबांले सांगणार नाही," ती म्हणाली. "पण चूक माही नव्हती, हे त्यांले माहीत व्हाले पाहिजे. ते कसं करता, तुमचं तुम्ही पाहा."

वसंतने ओळ काढली. मग तो मारोतरावांच्या टेबलाशी गेला आणि सांगितलं. मारोतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुह्यावर माहा लय भरोसा होता गा." दुसऱ्या दिवसापासून वसंतची बदली मागच्या गोदामात झाली.

गोदामात पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं. सुताच्या लडी उचलायच्या, नंबराप्रमाणे लावायच्या, ओल लागलेल्या वेगळ्या काढायच्या. असा पंधरवडा गेला. एका सकाळी गोपिका दारात आली.

"चाळीस नंबर लाल, पडद्यावर शेहेचाळीस गठ्ठे दाखवते. तुमच्याकडे किती आहेत?"

काहीही आकडा सांगता आला असता. खिडकीत उभा राहणारा माणूस तिलाच बोलला असता. वसंत आत गेला आणि मोजून आला.

"त्रेचाळीस. तीन पाण्यानं खराब झाले. मी बाजूला ठेवले."

"मंग त्रेचाळीस करतो. रोज सकाळी असं सांगाल का? इथला आकडा चुकला, तं मशीन कितीही जल्दी बोलली तरी खोटंच बोलंल."

"सांगीन," तो म्हणाला.

ती गेली. थोड्या वेळाने काचेच्या खोलीतून मारोतरावांचं मोठ्याने हसणं ऐकू आलं, आणि तिचंही. वसंतला पुन्हा तिचा तोच जुना राग आला. मग त्याने साठ नंबरचा पांढरा ढीग पुढे ओढला आणि उद्या सकाळी सांगायचा आकडा मोजायला घेतला.