रुमाल टाकलेली खुर्ची

“खुनी कोण, हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं?” मी विचारलं.

“शेवट ठरल्याशिवाय मी पहिली ओळ लिहीत नाही,” रहस्यकथाकार मकरंद हुल्याळकर म्हणाले. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

हा प्रश्न केतकीचा. ती मंडळाची सेक्रेटरी, नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलेली. “काकू, लाइट ठेवा हं, फन व्हायला पाहिजे,” असं तिने दहादा बजावलं होतं. मुलाखत घ्यायचं काम मी मागून घेतलं, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. वसुमती सावरली म्हणे. सावरतेय कसली. गेल्याच्या गेल्या वर्षी माझा मल्हार महादेवपुऱ्याला ऑफिसात जातो म्हणून निघाला, तो आलाच नाही. पोलिसांनी हात टेकले. ज्योतिषी झाले, नवस झाले. आता उरला होता हा एकच माणूस, ज्याच्या प्रत्येक पुस्तकात हरवलेलं सापडतं. वेडेपणा म्हणा हवं तर. मला दुसरं दार राहिलं नव्हतं.

समोर पहिल्या रांगेत आमचे हे बसले होते, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून. कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की हे मल्हारसाठी जागा धरतात. कोणी विचारलंच तर म्हणतात, “स्वल्प थांबा, येतोय तो.”

मी केतकीचे प्रश्न बाजूला ठेवले.

“समजा, एक मुलगा सकाळी डबा घेऊन निघतो. फोन घरीच ठेवतो. भांडण नाही, प्रेमप्रकरण नाही. तुमचे इन्स्पेक्टर आधी कुठे शोधतील?”

त्यांना वाटलं, खेळ आहे. चांगलेच खुलले. “वा. फोन मुद्दाम ठेवला? म्हणजे याला सापडायचंच नाही.”

नवी मंडळी हसली. आमची जुनी माणसं खाली बघू लागली.

“पण शेवटी सापडतो ना?” मी खुर्चीत पुढे सरकले.

“जिवंत? छे हो. जिवंत परत आला तर कादंबरी पडते.”

“मग पडू द्या की,” मी म्हणाले. “एक पडली तर काय बिघडतं तुमचं? आणा ना त्याला परत.”

हुल्याळकर माझ्याकडे बघत राहिले. मग मी बघत होते तिकडे, त्या रुमालाकडे त्यांची नजर गेली.

“नाव काय त्याचं?”

“मल्हार.”

“बाई, मला शोधता येत नाही हो,” ते हळूच म्हणाले. माइक चालूच होता. “मीच लपवतो आणि मीच काढतो.”

मी रडले. भर सभेत, तोंडही न झाकता रडले. मग डोळे पुसून त्यांना शाल-श्रीफळ दिलं, कारण ते माझंच काम होतं.

पुढे मुलांचं नाटुकलं होतं. केतकीने हुल्याळकरांना घाईघाईने मंचावरून खाली आणलं. “सर, इथे बसा ना,” म्हणत तिने खुर्चीवरचा रुमाल उचलला.

हे रुमालाकडे हात करत अर्धवट उठले.

हुल्याळकरांनी तिच्या हातातून रुमाल घेतला आणि खुर्चीवर परत नीट पसरला. “इथे कोणी येणार आहे,” ते म्हणाले.

नाटुकलं संपेपर्यंत ते शाल-नारळ घेऊन भिंतीशी उभे राहिले.