डीकनच्या दगडावरच्या चार ओळी

केझायाने सफरचंदाची आणखी एक चकती दोऱ्यात ओवली आणि सुई तशीच हातात धरून ती समोरच्या माणसाकडे पाहत राहिली. चर्चचा कारभारी, डीकन ओझायस ब्रॅमहॉल, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या चुलीपाशी, तिच्याच खुर्चीत बसला होता. बावीस वर्षांत त्याचा पाय या उंबऱ्याला लागला नव्हता. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता, आणि कुंपणांच्या काठ्या चाचपत तो गावाच्या त्या टोकापासून एकटाच चालत आला होता.

"दगड आणवलाय मी माझा," तो म्हणाला. "काळा, पाटीचा. आसाहेल पाथरवटाकडे आहे. नाव झालंय, जन्मसाल झालंय. गेल्याचा दिवस तेवढा रिकामा ठेवलाय."

"तो भरायला कोणी ना कोणी मिळेलच."

डीकन हसला. "जीभ अजून तशीच आहे तुझी."

"वापरात असते ना."

"ओळी हव्यात मला. चार. बाकी गावाला देतेस, तशाच."

जिवंतपणी आपल्या थडग्याचा दगड करवून ठेवणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे. हिवाळ्याआधी माणूस लाकडे रचून ठेवतो, तसेच ते. आणि दगडावर चार ओळी हव्यात तर आसपासच्या सात गावांतून माणसे केझाया वाडलीच्या दाराशी येत. सूत कातताना आजी जी गाणी म्हणायची त्यांची चाल तिच्या कानात मुरली होती. त्या चालीवर ती मरणाला बोलावी, आणि ते मुकाट येई. शेतकऱ्याच्या दगडावर ते पहाटेच्या दवात विळा घेऊन येई आणि कापण्याआधी टोपी काढी. तांबड्या तापाने गेलेल्या पोरासाठी ते आत्या होई, घसरगाडीत झोपलेल्या लेकराला न जागवता उचलून घरात नेणारी. जन्मभर बिनलग्नाची राहिलेल्या म्हाताऱ्या पेशन्स टोव्हीसाठी तिने मरणाला नवरदेव केले होते. पन्नास वर्षे उशीर झाला म्हणून दारात उभा राहून क्षमा मागणारा. त्या दगडापुढे बायका आधी हसायच्या, मग डोळे पुसायच्या.

केझायाच्या मरणाने कधी आवाज चढवला नव्हता.

चर्चच्या आवारात अख्ख्या गावाला ओळी होत्या. फक्त एकीला नव्हत्या. भिंतीच्या कडेला, बिच्छूकाट्यांच्या झुडपात, गुडघ्याएवढा एक दगड होता आणि त्यावर फक्त नाव: लोविना. केझायाची धाकटी बहीण. वय एकोणीस.

तळ्यावरचे बर्फ कापायचा हक्क डीकनचा होता. करवतीने बर्फाच्या लाद्या कापून नेल्या की मागे काळे पाणी उघडे पडे, आणि एका रात्रीत त्यावर कागदाएवढी पातळ पापडी धरे. वरून भुरभुर बर्फ पडले की कुठे पाणी आणि कुठे पक्के बर्फ, कळायचे नाही. म्हणून कापणाऱ्याने त्या जागेभोवती देवदाराच्या डहाळ्या रोवायच्या, हा नेम. शेंबडे पोरसुद्धा डहाळी पाहून थबके. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी धार काढताना केझायाने गोठ्याच्या झरोक्यातून तळ्याकडे पाहिले होते. पांढरे, सपाट, कुठे एक हिरवी काडी नाही. तासाभराने लोविना पलीकडच्या काठाला जायला निघाली ती परत आली नाही. माणसे धावली तेव्हा पाण्याभोवती डहाळ्या ओळीने उभ्या होत्या.

"डहाळ्या होत्या," डीकनने चर्चच्या पंचांपुढे सांगितले. "पोरीने पाहिल्या आणि ओलांडल्या. का, ते देवाला ठाऊक."

केझायाने झरोक्यातून पाहिलेले सांगितले. पंचांनी ते दुःखाने बावरलेल्या बाईचे बोलणे म्हणून ऐकून घेतले. जी आपल्या पायांनी मरणाकडे गेली तिच्यासाठी घंटा वाजवायची नाही, असे ठरले. केझायाने बहिणीसाठी लिहिलेल्या आठ ओळी पंचांनी घडी घालून परत दिल्या. घडी डीकननेच घातली होती.

"कसं मरण हवंय तुम्हाला?" केझायाने विचारले.

"ते मेंढपाळाचं. तुझ्या बापाच्या दगडावर आहे तसं. मऊ काठी हातात घेतलेलं."

"काठी मऊ असते का, डीकन?"

त्याने चुलीच्या उबेकडे हात पसरले. मग म्हणाला, "म्हातारा झालोय, केझाया. मला कोणीतरी हाताला धरून न्यावं, एवढंच वाटतं."

"गुरुवारी या," ती म्हणाली आणि चकतीत सुई टोचली.

गुरुवारी तो आला. तिने खिडकीशी उभे राहून वाचून दाखवले:

*रान सांजावले, दारी आला मेंढपाळ,*
*म्हणे, दमलास फार, सरला आता काळ.*
*खांद्यावरी घोंगडे अन् हाती दिवा मंद,*
*त्याच्यामागे जाता झाले दार मागे बंद.*

"पुन्हा वाच," डीकन म्हणाला. तिने पुन्हा वाचले. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "पाठव आसाहेलकडे," जाताना तो म्हणाला. "देव तुझं भलं करो."

त्याची काठी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज ऐकून केझायाने तो कागद चुलीत सारला. दुसरा कागद तिच्या एप्रनच्या खिशात आधीपासून होता. त्या ओळी मंगळवारी लोणी घुसळताना आल्या होत्या, एका दमात, रवीच्या ठोक्यावर. एरवी एकेका ओळीला ती दोन दोन दिवस घोळवी. या ओळी बावीस वर्षे दारात ताटकळत उभ्या असल्यासारख्या आत आल्या.

आसाहेल पाथरवटाने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. मग जवळ धरून वाचला.

"बाई, डीकननी ऐकलंय हे?"

"ऐकलं. दोनदा. आवडलं त्यांना." काय ऐकवले, ते ती बोलली नाही.

आसाहेलने कपाळावरचा पाटीचा भुगा पुसला. लोविनाला पाण्यातून ओढून काढणाऱ्यांत तो होता. "माझं काम कोरायचं," तो म्हणाला. "अर्थ लावायला पाद्री आहे." पण हातोडी उचलण्याआधी त्याने दुकानाचे दार लोटून घेतले.

आठ दिवसांनी ती दगड पाहायला गेली. आसाहेलने गोणपाट बाजूला केले. काळ्या पाटीवर अक्षरे राखाडी, धारदार उमटली होती. नाव, जन्मसाल, एक मोकळी जागा आणि खाली:

*मरण आले पोर होऊन, ओले तिचे केस,*
*डहाळीवाचून उघडी होती बर्फाची ती वेस.*
*काही न बोलता तिने बोट माझे धरले,*
*जिथे तिला मी सोडले, तिथेच मला नेले.*

केझायाने चार ओळी चारदा वाचल्या. हा दगड गोणपाटाखाली वाट पाहील. एक दिवस घंटा वाजेल, पाद्री गोड बोलेल, मग हा दगड पहिल्या रांगेत, चर्चच्या दाराकडे तोंड करून उभा राहील. दर रविवारी सगळे गाव आत जाताना वाचेल आणि बाहेर येताना वाचेल. 'बोट माझे', 'मी सोडले'. त्याच्याच तोंडचे शब्द. आणि तो खाली पडून असेल, एका अक्षरालाही उत्तर न देता येणारा. गेल्या आठ दिवसांत तिला जेवण गोड लागत होते.

"खोल गेलंय ना सगळं?" तिने विचारले.

"आपल्या नातवंडांची नातवंडं वाचतील."

तेवढ्यात दार ढकलले गेले. उंबऱ्यात काठी टेकत डीकन उभा होता.

"आसाहेल, झालं असं ऐकलं. मला हात लावून बघायचंय."

आसाहेलने गोणपाट उचलले, पण ते पुरते ओढण्याआधी डीकन दगडापर्यंत पोचलाही होता. केझाया हलली नाही. बघू दे. आज काय आणि मेल्यावर काय.

म्हाताऱ्याची बोटे आधी नावावर फिरली, समाधानाने. जन्मसालावरून उतरली, मोकळ्या जागेत किंचित रेंगाळली. मग पहिल्या ओळीला लागली. 'मरण'वरून सरळ पुढे गेली. 'पोर'वर थांबली. मागे आली. पुन्हा 'पोर'. नंतर ती अगदी सावकाश चालली. दुसरी ओळ. तिसरी. चौथीच्या शेवटी पोचल्यावर हात तिथेच राहिला.

"इथे अजून कोण आहे?" डीकनने विचारले.

"मी आहे," केझाया म्हणाली.

"वाटलंच. सफरचंदाचा वास आला." तिला वाटले, आता काठी उगारेल, शाप देईल. ती त्याचीच वाट पाहत होती. पण तो म्हणाला, "दुसरी ओळ अपुरी आहे."

"काय राहिलं तिच्यात?"

"डहाळ्या नव्हत्या, हे खरं. पण मग रोवल्या कधी, ते यात नाही."

"ती गेल्यावर रोवल्या. माणसं यायच्या आत. मी तेव्हाच सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही."

डीकनने मान हलवली. "गेल्यावर नाही."

आसाहेलच्या हातातले गोणपाट खाली घसरले.

"मी डहाळ्या घेऊनच निघालो होतो," डीकन दगडाशी बोलावे तसे बोलला. "उशीर झाला होता, एवढंच. पोचलो तर ती बर्फाच्या कडेला धरून होती. दोन्ही हात वर. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, माणसं येतील, बघतील, विचारतील. अकरा डहाळ्या होत्या घसरगाडीत. अकराही रोवल्या. मग हाक मारली."

बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली. चाकांचा आवाज पार टेकडीखाली गेला.

"काही म्हणाली ती?" केझायाने विचारले.

"म्हणाली, 'डीकन, इकडे आहे मी.' तिला वाटलं, मला दिसली नाही." त्याने दगडावरून हात काढला आणि कोटाला पुसला. "बदल ती ओळ. खाली जागा आहे, हवं तर दोन आणखी घाल. अकराचा आकडा येऊ दे त्यात. तू बसवशील नीट. मी गेल्यावर वाचू दे सगळ्यांना. माझी काही हरकत नाही."

केझायाने त्याच्याकडे पाहिले. त्याचे खांदे खाली आले होते. डोंगर चढून आलेल्या माणसाने पाठीवरचे ओझे कट्ट्यावर टेकवावे, तसा त्याचा चेहरा सैल पडला होता. ओझे ठेवायला त्याला जागा सापडली होती, आणि ती तिनेच करून दिली होती, चांगली खोल, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकणारी. जे सांगायचे ते दगड सांगेल. आणि दगड बोलायला लागेल तेव्हा हा कुठल्या कुठे पोचलेला असेल.

"आसाहेल," ती म्हणाली, "हे घासून काढायला किती दिवस?"

"घासून?" आसाहेल दचकला. "बाई, आत्ता तर झालंय!"

"किती?"

"वाळू आणि पाणी घेऊन बसलो तर… दोन. तीन म्हणा."

"बस मग."

"नको, नको," डीकनने काठी आपटली. "राहू दे. मी सांगतोय ना, माझी हरकत नाही."

"माझी आहे." ती दगड आणि तो यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "मरणाला मी आजवर पुष्कळ कामं सांगितली, डीकन. गवत कापायला लावलं, पोरं उचलायला लावली, त्या बिचाऱ्या पेशन्सशी लगीनसुद्धा करायला लावलं. कधी नाही म्हणालं नाही. पण तुमचं हे काम मी त्याच्यावर ढकलणार नाही."

"मग काय हवंय तुला?"

"रविवारी प्रवचनाआधी चुकलेल्या माणसाने सगळ्यांपुढे उभं राहून कबुली द्यायची, हा नेम तुम्हीच चालवता ना? सायलस नॉटला उभं केलंत. पाऊस येतोय म्हणून त्याने रविवारी, देवाच्या विसाव्याच्या दिवशी, गवत आत घेतलं, एवढ्यासाठी. रडत होता तो. तुम्ही म्हणालात, जरा मोठ्याने बोल, मागे ऐकू येत नाही."

डीकनने टोपी काढून पुन्हा घातली.

"अकरा म्हणा. ती काय म्हणाली तेही म्हणा. मी सगळ्यात मागे बसेन."

"मी ऐंशीच्या घरात आहे, केझाया." पांढरे डोळे तिचा चेहरा शोधत भलत्याच बाजूला, आसाहेलच्या हातोड्यांकडे वळले होते. "पायऱ्या दिसत नाहीत मला. पडेन मी."

"पडू देणार नाही."

आसाहेलने कोपऱ्यातली बादली उचलली, दगडावर पाणी ओतले आणि वाळूची मूठ सोडली. पाटीवर दगड घासल्याचा आवाज सुरू झाला. डीकनने तो आवाज ऐकला. तिच्या बाजूने पुढे हात करून त्याने दगड पुन्हा चाचपडला. बोटांना ओली वाळू लागली तसा त्याने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"पाद्र्याला आधी मी कळवीन काही तरी," तो पुटपुटला. "तब्येत बरी नाही म्हणून…"

"मी स्वतः येईन, हाताला धरून न्यायला," केझाया म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता, ओळी वाचून दाखवताना व्हायचा तसा. "पहिल्या घंटेच्या आत. तयार होऊन दारात बसा, आणि जाडा कोट घाला. आपण तळ्याकाठच्या वाटेने जाऊ."