ज्याचा त्याचा आकडा

“एकेकाने सांगायचं हं, आजच्या स्पर्धेकडून तुमची अपेक्षा काय?” स्पर्धा भरवणाऱ्या प्रितमने भोंगा तोंडाशी धरून विचारलं. भोंग्याची तशी गरज नव्हती. विचुंब्याच्या त्या माळावर जेमतेम तीस-चाळीस माणसं जमली होती आणि जानेवारीची सकाळ इतकी स्वच्छ होती की साधं बोललेलंही पलीकडच्या बाभळींपर्यंत ऐकू गेलं असतं.

कुणाला पदक हवं होतं, कुणाला टी-शर्ट. हेतल म्हणाली, “मला फक्त लास्ट यायचं नाहीये, बस.”

“जेवन चांगला पायजे,” गव्हाणचे कुंदनशेठ म्हणाले. “मागच्या टायमाला पुऱ्या निस्त्या रबर व्हत्या.”

सगळे हसले. मग उदयसिंहांची पाळी आली. ते हसत उभे राहिले आणि सुमतीकडे वळून हळूच म्हणाले, “कशाबद्दल विचारतोय तो?”

“काय हवंय म्हणतोय स्पर्धेतून,” सुमती पुटपुटली.

“काही नको. खेळू द्या म्हणजे झालं,” ते मोठ्याने म्हणाले. त्यावर टाळ्या पडल्या. सुमतीने मात्र टाळी वाजवली नाही. तिने त्यांच्या स्वेटरचं वरचं बटण उगाच काढलं आणि पुन्हा लावलं.

हा खेळ त्यांच्या घरी आला तो उदयसिंहांच्या निवृत्तीनंतर. लोखंडी खांबाला लटकणाऱ्या साखळ्या, त्याखाली जाळीची टोपली, आणि दूरवरून फेकलेली चकती कमीत कमी फेकींत त्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. पंच नाही, शिट्टी नाही. चौघांनी मिळून चालायचं, आणि टोपली झाली की ज्याने त्याने आपला आकडा आपल्या तोंडाने सांगायचा. तो सांगेल तेच बाकीच्यांनी मानायचं. उदयसिंहांना खेळातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली होती. जासईच्या गोदामात सारा जन्म त्यांनी वजनकाट्यावर काढला. गाडी चढायची, काटा स्थिरावायचा, आणि ते खिडकीतून आकडा सांगायचे. त्यांच्या आकड्यावर कधी कुणी दुसऱ्यांदा गाडी चढवली नाही. त्या दिवसांत ते घरी यायचे ते केसांत धूळ घेऊन, पण मान कशी ताठ! सुमतीला तो उंबऱ्यात चपला काढणारा माणूस अजून तसाच्या तसा दिसे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. घरी येताना रिक्षात उदयसिंह एवढंच बोलले, “कुणाला सांगायचं नाही, सुमे. सांगितलं की लोक आपल्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात.”

तिने शब्द दिला होता.

तेव्हापासून दर रविवारी ती त्यांच्या फेकी स्वतः मोजी, आणि आकडा सांगायची वेळ आली की आधीच म्हणे, “पाच ना हो?” ते म्हणत, “पाच.” इतकं सोपं होतं ते.

आज त्या दोघांच्या गटात हेतल आणि कुंदनशेठ होते. पण तिसऱ्या टोपलीला तिची स्वतःचीच चकती भरकटली आणि ती घाणेरीच्या झुडपात काठी घालून शोधत बसली. परत आली तेव्हा आवाज चढलेले होते.

“उदयराव, सहा झाल्या. तुमी चार बोललाव.”

“चारच झाल्या.”

“माज्या डोल्यानं बगल्या ना!”

“मी खोटं सांगेन का, कुंदन?”

“तेच तं इचारतंय मी.”

हेतल फोनवर आकडे टिपत होती. तिचा अंगठा तसाच वर राहिला. “इट्स ओके अंकल, एवढं काय... फ्रेंडली टूर्नामेंट आहे,” ती म्हणाली, आणि त्या ‘एवढं काय’ने उदयसिंहांचा चेहरा अधिकच उतरला. ते पुढच्या टोपलीकडे एकटेच चालू लागले.

कुंदनशेठ मागे रेंगाळले. त्यांची आणि उदयसिंहांची ओळखच काट्यावरची. तेव्हा कुंदनशेठ स्वतःची गाडी स्वतः चालवत.

“वहिनी,” ते म्हणाले, “ह्या मानसानं एका पोत्यासाठी माजी गाडी काट्यावरशी परत धाडलेली. वरीसभर बोललो नाय त्याच्याशी. पन गावात समद्यांना सांगायचो, मानूस हाय तं ह्यो. आन आज दोन फेकींसाठी? त्या पत्र्याच्या पदकासाठी? नाय वहिनी, मना बरा नाय वाटला.”

सुमती काठीने माती उकरत राहिली. गप्प बसावं, तर संध्याकाळपर्यंत गव्हाणपासून जासईपर्यंत काटेवाला म्हातारपणी लबाडी करायला लागला असा बोभाटा होईल. बोलावं, तर रिक्षात दिलेला शब्द जाईल. यांना काय जास्त लागेल? विसराळू म्हटलेलं की लबाड म्हटलेलं? चाळीस वर्षांच्या संसारात हे तिला विचारावं लागलं नव्हतं. ते तिला ठाऊकच होतं.

“ते खोटं बोलत नाहीत, दादा,” ती म्हणाली. “त्यांना आठवत नाही.”

“काय आठवत नाय?”

“आत्ताचं काही राहत नाही त्यांच्याजवळ. दिवाळीपासून औषधं चालू आहेत. मी कुणालाच बोलले नाही. सांगू नको म्हणाले होते.”

कुंदनशेठांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवावी ते न सुचून पुन्हा घातली.

“आन मी मेल्यानं त्याला...” एवढं बोलून ते भराभर पुढे गेले.

सुमती हेतलजवळ आली. “त्यांच्या नावावर सहा कर,” ती म्हणाली. हेतलने काही न विचारता सहा केले.

चौथ्या टोपलीला हेतलने पहिली फेक केली आणि कुंदनशेठ ओरडले, “लाभ!”

“काय?” हेतल दचकली.

“अगं, आमच्या खल्यावर भात मापताना पयल्या मापाला एक नाय बोलत. लाभ बोलायचा. मंग दोन, तीन. माजा आजा मापायचा तवा अर्ध्या गव्हानला ऐकू जायचा. आज आमी त्याच्यावानी मोजनार. समद्यांच्या!”

आणि ते खरंच मोजू लागले. हेतलच्या फेकी, सुमतीच्या, स्वतःच्या, उदयसिंहांच्या. प्रत्येकाचं मोजणं वेगळं, प्रत्येकाची सुरुवात लाभाने. हेतललाही गंमत वाटली. तीही सूर धरून “लाभ! दोन!” करायला लागली. पुढच्या गटातली माणसं मागे वळून हसत होती. टोपली झाली की उदयसिंह ऐकलेला शेवटचा आकडा सांगत आणि तो बरोबर असे. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ऊन चढलं. सुमतीला वाटलं, निभलं. आजचा दिवस तरी निभला.

आठव्या टोपलीनंतर ती आणि उदयसिंह सावलीत पाणी प्यायला थांबले. त्यांनी बाटलीचं झाकण बराच वेळ फिरवलं.

“तू सांगितलंस ना त्याला?”

सुमतीने मान खाली घातली. “ते तुम्हाला लबाड समजत होते हो. मला ते ऐकवेना.”

“हं.”

“रागावलात?”

त्यांनी झाकण लावून बाटली तिच्या हातात दिली. मग म्हणाले, “माणूस चांगला आहे. घसा बसेल त्याचा.”

शेवटची टोपली एका उंचवट्यावर होती. उदयसिंह फेकायला उभे राहिले आणि कुंदनशेठांनी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. गाडी पुढे घेऊ नका म्हणून खिडकीतून करायचे, अगदी तसा.

“कुंदन, पुरे आता. हे शेवटचं माझं मी मोजतो.”

“बरा,” कुंदनशेठ म्हणाले.

पहिली चकती उंचवट्याच्या पायथ्याशी पडली. दुसरी चढून वर गेली. तिथे त्यांनी चुकून आपली सोडून कुंदनशेठांची उचलली, आणि कुंदनशेठांनी नुसती हाताने त्यांची त्यांना दाखवली. ते वाकले, उठले, फेकत राहिले. हेतलचा फोन हातात तसाच होता. अखेर चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली.

“काका, किती?” हेतलने अगदी हळू विचारलं.

उदयसिंहांनी उंचवट्याखाली पाहिलं. जिथून आले ती सगळी वाट त्यांनी डोळ्यांनी पुन्हा चालून पाहिली. त्यांचे ओठ हलले. सुमतीला आकडा माहीत होता. तो तिच्या जिभेवर होता. कुंदनशेठांनाही माहीत होता. ते बाभळींकडे तोंड करून उभे होते.

“माहीत नाही,” उदयसिंह म्हणाले. “खोटा आकडा सांगायचा नाही मला. मला माहीत नाही, असंच लिही.”

हेतलने फोन खाली केला. साखळ्या हलायच्या थांबल्या होत्या. उदयसिंहांनी टोपलीतून आपली चकती काढली, रुमालाने नीट पुसली आणि बाजूला झाले, कारण सुमतीची फेक अजून बाकी होती. ती टोपलीपासून चार पावलांवर उभी राहिली. तिला ना साखळ्या धड दिसत होत्या, ना जाळी. हात आखडला होता.

मागून ते तिच्या जवळ आले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “मनगट सैल सोड, सुमे.”