उभं नाणं

फिटरच्या कारखान्यात एक नियम होता आणि तो खुद्द फिटरनेच घातलेला. यंत्र चालू करायचं आणि त्याच्या डोक्यावर नाणं कडेवर उभं करायचं. उभं राहिलं तर यंत्र पास. पडलं तर पाया उखडा आणि पुन्हा बसवा. मॅनेजर हात जोडो नाहीतर आदळआपट करो, फिटर ढिम्म. पस्तीस वर्षांत पडलेलं नाणं त्याने एकदाही पास केलं नाही. कान मात्र त्या यंत्रांनीच खाल्ले. निवृत्त होईपर्यंत कानात मशीन आलं. त्यातून बोलणं जेमतेम कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे!

अशा माणसाच्या घरात कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यानेच बायकोसाठी बनवलेले, खोकी स्वतः रंधा मारून. रोज संध्याकाळी ती गाणी लावायची आणि फिटर समोरच्या खुर्चीत येऊन बसायचा.

परवा लेक आली आणि म्हणाली, "आई, हे स्पीकर आहेत की पिंपं? गाणाऱ्या बाईला सर्दी झाल्यासारखं वाटतं. रविवारी मी नवे छोटे आणते, हे काढून टाकू."

"घुमतात गं खरे," आई म्हणाली. "हल्ली शब्दच कळत नाहीत."

फिटरने दोघींच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काढून टाकू? माझ्या हातचं काम? रविवारी घुमले तर खुशाल न्या. पण घुमतात कसे तेच बघतो!"

बोलून तर बसला. पण एक गोष्ट त्याने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. घराची जमीन लाकडी, स्पीकर थेट तिच्यावर टेकलेले. त्यांची थरथर फळ्यांमधून यायची आणि त्याच्या अनवाणी तळपायांत शिरायची. ताल टाचेला लागायचा, सूर बोटांना. गाणं म्हणून त्याला उरलं होतं ते एवढंच. आणि नेमकी हीच थरथर मायलेकींच्या कानांना नको होती. ती ठेवावी तर स्पीकर जाणार, काढावी तर पायातलं गाणं जाणार. आता बोला!

मग वाईट काम मागे ठेवायचं आपल्या रक्तात नाही म्हणाला आणि हत्यारांची पेटी उघडली.

मागची फळी सैल झाली होती. तिच्या कडेला त्याने लोकरी पट्टी लावली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे फिरवत आवळले. खोक्याच्या पोटात दोन्ही बाजू रेटून धरणारा दांडका बसवला. खाली एकेक जाड फरशी आणि फरशीखाली रबराचे चार तुकडे. कडक रबरातून थरथर खाली उतरते आणि मऊ रबरावर खोकं डुलतं, म्हणून प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबून बघितला, तीन फेकून दिले. बायको बॅटरी धरून उभी होती.

"अहो, ऑपरेशन चाललंय की काय?"

"हललीस तर पेशंट दगावेल," फिटर म्हणाला.

रविवारी दुपारी लेक नव्या स्पीकरांचं खोकं घेऊन दारात हजर. फिटरने तिला आधी बसवलं, आवाज चांगला वर नेला आणि दोन्ही स्पीकरांवर एकेक नाणं उभं केलं. दोन्ही उभी राहिली.

"बाबा!" लेक ओरडलीच. "बाई श्वास घेतात तोसुद्धा ऐकू येतोय!"

बायको डोळे मिटून शब्द शब्द ऐकत होती. फिटरची छाती फुगली. आपलं काम त्याला डोळ्यांनी दिसत होतं, अजून काय हवं? मग तो खुर्चीत बसला, मोजे काढले आणि पाय जमिनीवर टेकवले.

काही नाही. त्याने पाय पुढे सरकवले, टाच दाबून बघितली. फळ्या नुसत्या गार. इतकं चोख काम केलं होतं पठ्ठ्याने! त्याला फार एकटं वाटलं. गाणं चालू असतानाच तो मोजे परत चढवू लागला.

बायकोने गाणं बंद केलं आणि त्याला तोंड नीट दिसेल अशी समोर येऊन उभी राहिली. "डावा स्पीकर उचला."

"का? काय खोट निघाली?"

"उचला म्हणते ना."

त्याने उचलला. तिने वाकून फरशी बाजूला ओढली, चारही रबरं गोळा केली. "ठेवा आता, जमिनीवरच."

"अगं, घुमेल तो!"

"घुमू दे. दहा वर्षं बघतेय, गाणं लागलं की तुमचे मोजे निघतात. आज पहिल्यांदाच अर्ध्यात चढले. मी काय आंधळी आहे? उजवा माझा, डावा तुमचा."

फिटरने स्पीकर जमिनीवर टेकवला. लेकीने आईकडे बघितलं, मग बाबांच्या पायांकडे, आणि नवं खोकं उचलून दाराबाहेर ठेवून आली.

गाणं पुन्हा लागलं. उजव्यावरचं नाणं तसंच उभं. लेकीने दुसरं डाव्यावर उभं करून पाहिलं. ते थरथरलं, कलंडलं आणि घरंगळत खाली आलं.

"बाबा, पडलं," ती म्हणाली.

फिटरचे तळपाय जमिनीवर होते. टाच ताल धरत होती.

"पास," तो म्हणाला.