वकिलातीचा शिक्का

शिवणवाल्या मावशींचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. घर वडिलांचं, म्हणून अर्धा वाटा मावशींचा आणि अर्धा परदेशात स्थायिक झालेल्या दादाचा. दादाने आपणहून हक्कसोडपत्र केलं, तिथल्या भारतीय वकिलातीत अधिकाऱ्यासमोर सही केली आणि कागद बहिणीकडे पाठवून दिला. पंधरा दिवसांनी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डोकं शाबूत राहिलं, पण उजवा हात गेला आणि प्रवास कायमचा बंद झाला.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. सही इथल्या नोटरीसमोर झालेली नाही, भावाला समक्ष आणा, असं सांगून त्याने तो परत सरकवला. मावशींनी भावाची अवस्था सांगितली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

अंथरुणावरच्या माणसाला पुन्हा सहीसाठी कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी त्या गल्लीतल्या वकिलीणबाईंकडे गेल्या. त्यांनी कागद वाचला आणि कारकुनाशी हुज्जत न घालता थेट त्याच्या वरच्या अधिकाऱ्यांना, निबंधकांना भेटायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी निबंधकबाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागदावरचा वकिलातीचा शिक्का अगदी डोळ्यांजवळ धरून वाचला. मावशींचा जीव टांगणीला लागला होता.

"शिक्का परदेशात मारला असला, तरी अधिकारी आपलाच आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्यासमोर दिलेली कबुली इथे दिल्यासारखीच. कागद इथे येऊन किती दिवस झाले?"

"एकाहत्तर," मावशी म्हणाल्या. त्या रोज मोजत होत्या.

तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावला की झालं, असं बाईंनी सांगितलं आणि कारकुनाला आत बोलावलं. मावशींनी मुद्रांक भरला आणि दुपारपर्यंत कागदावर नोंदणीचा क्रमांक पडला. तो लिहिताना कारकुनाने मावशींना बसायला खुर्ची दिली.

बाहेर पायरीवर बसून मावशींनी फोन लावला. वहिनीने तो दादाच्या कानाशी धरला.

"दादा, झालं रे."

पलीकडून तो एकेक शब्द ओढत म्हणाला, "पुढच्या खोलीला... मोठी खिडकी पाडून घे. शिवता शिवता आईचे डोळे... त्या अंधारात गेले."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. उद्याच गवंड्याला बोलावते, म्हणाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि आता कडकडून भूक लागली होती.